गोषवारा आणि मूळ कागद

जुन्या मराठी दप्तरांत हिशेबाची एक पक्की रीत असे. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दींत चढावयाचा, कीर्दीवरून खतावणी व्हावयाची, आणि खतावणीवरून शेवटीं तेरीज किंवा गोषवारा निघावयाचा. धनी पाहावयाचा तो बहुधा गोषवाराच. सारी कीर्द चाळण्यास त्यास सवड कोठली? परंतु गोषवाऱ्यावर त्याचा जो विश्वास बसे, तो कारकुनाच्या वळणदार अक्षरामुळें बसत नसे. कीर्द दप्तरांत शाबूत आहे आणि संशय येतांच ती उघडून रकमेशीं रक्कम ताडून पाहतां येते, ही जाणीव त्या विश्वासाच्या मुळाशीं असे. कीर्द गहाळ झाली म्हणजे मागें उरे तो केवळ कारकुनाचा शब्द.

व्यवहारांतील हा साधा न्याय आज एका अगदीं नव्या प्रश्नास लावून पाहण्याची वेळ आली आहे. इंटरनेटवरील शोधयंत्रास प्रश्न विचारला असतां पूर्वीं तें पानांची एक यादी पुढें करी, आणि त्यांतील कोणतें पान उघडावें, कोणतें सोडावें, हें विचारणारा ठरवी. आतां त्या यादीच्या माथ्यावर यंत्रानें स्वतः रचलेला सारांश येतो. गूगल कंपनीनें ही सोय ‘एआय ओव्हरव्ह्यूज’ ह्या नांवानें मे २०२४ मध्यें अमेरिकेंत सुरू केली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत ती भारतांत आली. प्रश्न विचारावा, चार-सहा वाक्यांत उत्तर मिळावें, आणि पुढें जावें, असा क्रम त्यामुळें घरोघर रूढ होत आहे. ह्या यांत्रिक गोषवाऱ्यावर विश्वास ठेवावा किंवा कसें, हा प्रश्न म्हणून विद्यार्थ्यापासून गृहिणीपर्यंत सर्वांचा झाला आहे.

यंत्र नवें आहे. प्रश्न मात्र तितका नवा नाहीं. दुसऱ्यानें केलेला सारांश कितपत मानावा, ह्या एका प्रश्नावर मराठी इतिहास-संशोधनाचें पाऊण शतक खर्ची पडलें आहे. त्या खटाटोपांतून जी कसोटी निघाली ती आजच्या यंत्रासहि लागू पडते काय, हें पाहण्यासारखें आहे.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून तें एका ठिकाणीं नेऊन ठेवणें बरें. पालघर जिल्ह्यांत, बोईसर आणि तारापूर यांच्या परिसरांत, कुंभवली नांवाचें गांव आहे. ह्या टापूची आजची ओळख कारखान्यांची व अणुविद्युत् केंद्राची. तारापूरचें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें आणि ह्या प्रकारचें तें भारतांतील पहिलें. परंतु ह्याच किनाऱ्यावर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि तो १७३९ सालीं मराठ्यांनीं उठविला. कुंभवलीच्या एखाद्या मुलास शाळेंत तारापूरच्या किल्ल्याविषयीं निबंध लिहावयास सांगितला, तर त्यानें कोठें पाहावें? घरांत रियासतीचे खंड असण्याचा संभव थोडा. हातांत फोन मात्र आहे. तो यंत्रास विचारणार, आणि यंत्र जें सांगेल तोच त्याच्या गांवकुसापलीकडील इतिहासाचा त्याला भेटलेला पहिला, व पुष्कळदां शेवटचा, लेख ठरणार. मोठ्या शहरांविषयीं चूक झाली तर ती काढणारे शंभर डोळे असतात. लहान ठिकाणांचें तसें नाहीं.

मुळांतील हकीकत थोडक्यांत अशी. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोवले. पुढें १७३९ च्या प्रारंभीं चिमाजी आप्पांच्या फौजांनीं उत्तरेकडील माहीम, केळवें, तारापूर ह्या जागा एकामागून एक घेतल्या. तारापूरचा झगडा निकराचा झाला. बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या घरोब्यांतील सरदार तेथें पडला. त्यानंतर वसईच्या कोटास निर्वाणीचा वेढा बसला व त्याच वर्षीं तो पोर्तुगीजांनीं खालीं करून दिला. एवढी हकीकत कोणत्याहि चांगल्या ग्रंथांत सांपडेल. परंतु ह्या चार ओळींतच तीन चकवे आहेत, आणि ते जाणल्यावांचून केलेला कोणताहि सारांश, मग तो मनुष्याचा असो वा यंत्राचा, सहज फसूं शकतो.

पहिला चकवा नांवाचा. माहीम नांवाच्या दोन प्रसिद्ध जागा ह्या एकाच किनाऱ्यावर आहेत. एक मुंबई बेटाचें माहीम, दुसरें पालघरजवळील केळवें-माहीम. दोन्हीं ठिकाणीं किल्ला, दोन्हीं ठिकाणीं पोर्तुगीजांचा संबंध. एकोणिसाव्या शतकांत तर पालघरच्या तालुक्याचें नांवच माहीम होतें. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत कुंभवली-तारापूरकडील मुलूख शोधावयाचा तर तो माहीम तालुक्याखालीं शोधावा लागतो. जें पान ‘माहीम’ एवढेंच म्हणतें, तें कोणत्या माहिमाविषयीं बोलतें हें पुढील-मागील मजकूर वाचल्यावांचून कळत नाहीं. तारापुराचेंहि तेंच. गुजराथेंत आणंद जिल्ह्यांत एक तारापूर आहे, आणि बिहारांतील तारापूर १९३२ सालच्या गोळीबारामुळें स्वातंत्र्याच्या इतिहासांत नोंदलें गेलें आहे. नांवें जुळलीं म्हणून वाक्यें जोडलीं, तर एका गांवाचा किल्ला दुसऱ्या गांवीं उभा राहतो.

दुसरा चकवा तारखेचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. वसईचा तह कोणत्या दिवशीं झाला? कांहीं ग्रंथ ५ मे १७३९ म्हणतात. कांहीं १६ मे म्हणतात. वाचणाऱ्यास वाटतें, दोहोंपैकीं एक चूक असलें पाहिजे. वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत. पोर्तुगालनें पोप ग्रेगरीची सुधारलेली कालगणना १५८२ सालींच स्वीकारली होती. इंग्रजांनीं ती सप्टेंबर १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. त्यामुळें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दोन्ही गणनांत अकरा दिवसांचें अंतर पडे. एकच दिवस पोर्तुगीज कागदांत १६ मे आहे व इंग्रजी गणनेनें ५ मे आहे. मराठी इतिहासकारांनीं १७५२ पूर्वींच्या तिथींस इंग्रजी तारीख देतांना बहुधा इंग्रजांचीच जुनी गणना चालविली. गोव्याच्या दप्तरावर काम करणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकांसमोर जे कागद होते, त्यांवरील तारखा नव्या गणनेच्या. थोरल्या बाजीरावांचा मृत्यु वैशाख शुद्ध १३, शके १६६२ ह्या दिवशीं झाला. त्याची रूढ तारीख २८ एप्रिल १७४० ही जुन्या गणनेची आहे, नव्या गणनेनें तोच दिवस ९ मे येतो. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखहि जुन्या गणनेची. सतराव्या शतकांत अंतर दहा दिवसांचें असल्यामुळें नव्या गणनेनें ती १ मार्च होते. ज्याला हें ठाऊक आहे तो दोन तारखा पाहून थांबतो आणि कोणती गणना हें विचारतो. ज्याला ठाऊक नाहीं, तो दोहोंपैकीं एक उचलतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, वेढ्याचा आरंभ एका गणनेनें व शेवट दुसऱ्या गणनेनें देऊन मधल्या दिवसांची बेरीज करतो.

तिसरा चकवा सांध्यांचा. उत्तर कोंकणच्या प्राचीन इतिहासाचें एक प्रमुख साधन म्हणजे ‘महिकावतीची बखर’. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ती १९२४ सालीं संपादून प्रसिद्ध केली. नांव एक, पुस्तक एक. पण आंत प्रकरणें सहा, आणि तीं निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या काळीं लिहिलेलीं, कांहीं गद्य तर कांहीं पद्य. त्यांतील जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ चा. ह्या बखरींत बिंब राजांच्या आगमनाची कथा आहे. एक परंपरा प्रतापबिंबाची, जी शके १०६० पर्यंत मागें जाते. दुसरी देवगिरीवर १२९६ सालीं अल्लाउद्दीनाची स्वारी झाल्यानंतर कोंकणांत उतरलेल्या यादव घराण्यांतील राजाची. दोहोंमध्यें दीडशें वर्षांचें अंतर आहे. शिवाय राजधानीचें माहीम तें मुंबईचें कीं केळव्याचें, ह्याविषयीं मतभेद आहेतच. ज्यानें बखर सांध्यासकट वाचली तो सांगेल कीं, येथें दोन कथा आहेत आणि वाद मिटलेला नाहीं. जो तिचा सारांश करूं जाईल, तो बहुधा एक राजा, एक साल आणि एक राजधानी देऊन मोकळा होईल. वाक्य सुबक होईल. पण त्या सुबकपणासाठीं त्यानें बखरींतील मतभेद गाळलेला असेल, आणि तो मतभेद हीच तेथील खरी माहिती होती.

येथें यंत्राची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून मराठ्यांच्या इतिहासाचा जो पहिला मोठा गोषवारा झाला त्याच्याकडे वळणें इष्ट आहे. जेम्स ग्रँट डफ हे सातारा येथें १८१८ ते १८२२ पर्यंत इंग्रजांचे रेसिडेंट होते. पेशवाई नुकतीच बुडालेली, दप्तरें हाताशीं, माहीतगार माणसें हयात. त्यांनीं अपार परिश्रम करून १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. तारापूरच्या लढाईविषयीं लिहितांना आंतील शिबंदी युरोपियनांस साजेशा शौर्यानें लढली हें सांगून, त्याला आधार खुद्द चिमाजी आप्पांच्या लेखाचा आहे, असें ते नमूद करतात. सारांश कसा असावा ह्याचा हा चांगला नमुना होय. विधान आणि त्याचा धनी दोन्ही तेथें हजर आहेत. ह्या ग्रंथाचें मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ ह्या नांवानें झालें, शाळाशाळांतून चाललें, आणि मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनीं आपल्या पूर्वजांचा इतिहास त्यावरूनच जाणला.

परंतु १८६७ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या तेवीस वर्षांच्या आंतबाहेरच्या तरुणानें त्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. ग्रंथांतील चुका दाखविणें हा त्याचा एक भाग होता. दुसरा भाग अधिक मर्माचा होता: ज्या हस्तलिखितांच्या आधारें ग्रँट डफ लिहितात तीं कोठें आहेत? त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या स्वाधीन केल्याचें ग्रंथांत म्हटलें होतें. पुढच्या अभ्यासकांस त्यांतील पुष्कळशा कोठेंच मिळेनात. म्हणजे गोषवारा राहिला आणि कीर्द नाहींशी झाली. ग्रँट डफ विद्वान होते, मेहनती होते, एकंदरीनें प्रामाणिक होते. तरी त्यांचें अमुक विधान खरें कीं खोटें, हें ठरविण्याचा मार्ग बंद झाल्यामुळें वाचकास केवळ विश्वास ठेवावा किंवा न ठेवावा एवढेंच उरलें.

ह्या अडचणींतून मराठी संशोधनानें जो मार्ग काढला तो सोपा नव्हता. राजवाड्यांनीं घरोघर, वाड्यावाड्यांतून, माळ्यावरच्या रुमालांतून मूळ पत्रें गोळा केलीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पानिपताच्या आगेंमागें लिहिलेलीं पत्रें त्यांत छापून त्यांनीं दाखविलें कीं, नंतर रचलेल्या बखरी व ग्रँट डफचा ग्रंथ हीं दोन्हीं समकालीन पत्रांशीं ताडून पाहतां ठिकठिकाणीं चुकतात. हें काम किती जिकिरीचें होतें ह्याची कल्पना एका गोष्टीवरून येते. पुष्कळ मराठी पत्रांवर चंद्राची तारीख असते, पण साल नसतें. तें साल मजकुरांतील प्रसंगांवरून, माणसांच्या उल्लेखांवरून आणि मोडक व खरे यांच्यासारख्यांनीं सिद्ध केलेल्या जंत्र्यांवरून बसवावें लागतें. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. ह्या सर्वांमागें एकच निष्ठा होती: सांगणारा कितीहि थोर असो, मूळ कागद पुढें आला पाहिजे. लोकांत म्हण आहे कीं, नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ पाहूं नये. इतिहासाचा धर्म ह्याच्या उलट आहे. त्यास मूळहि पाहावें लागतें आणि कूळहि.

ह्या कालखंडांतील एका वादानें दुसरा धडा दिला. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ सालीं झाला, असें अनेक बखरी सांगत. जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांच्या द्वारें उजेडांत आली तेव्हां तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि निघाली. एका बाजूस बखरींचा थवा, दुसऱ्या बाजूस एक रुक्ष शकावली. मतें मोजलीं असतीं तर बखरी जिंकल्या असत्या. संशोधकांनीं मतें मोजलीं नाहींत. कोणता लेख घटनेच्या अधिक जवळचा, कोणाच्या इतर नोंदी बाहेरच्या पुराव्यानें खऱ्या ठरतात, आणि कोण कोणाची केवळ नक्कल करतो, हें त्यांनीं पाहिलें. शेवटीं महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. दहा ठिकाणीं तेंच लिहिलें आहे ह्याचा अर्थ दहा साक्षीदार आहेत असा होत नाहीं. पुष्कळदां साक्षीदार एकच असतो आणि नऊ जण त्याचें ऐकून बोलत असतात.

आतां यंत्राकडे वळूं जातां त्याची कार्यपद्धति प्रथम समजून घेतली पाहिजे. ह्या यंत्राच्या पोटांत मनुष्यांनीं लिहिलेल्या अफाट मजकुरावरून शिकलेला भाषेचा एक नमुना असतो. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येणें संभाव्य आहे, हें तो त्या मजकुरावरून शिकतो. प्रश्न आला म्हणजे शोधयंत्र त्यास जुळणारीं पानें पुढें करतें, आणि हा नमुना त्यांवरून नवीं वाक्यें घडवितो. त्याचें कौशल्य विलक्षण आहे. भाषा सफाईदार असते, मांडणी नीट असते. परंतु संभाव्य वाक्य आणि सत्य वाक्य हीं एक नव्हेत. माहीम कोणतें, गणना कोणती, बखरीचें प्रकरण कितवें, हें पानावर स्पष्ट नसेल तर यंत्र तेथें अडखळलें पाहिजे. पण त्याचा कल वाक्य पुरें करण्याकडे असतो. आणि पानावर जें मुळींच नाहीं त्याचें काय? पेशवेकालीन मोडी कागदांतील फार मोठा भाग अद्याप छापलेलाहि नाहीं, मग इंटरनेटवर येण्याची गोष्ट दूरच. जें दप्तर यंत्रानें उघडलेलेंच नाहीं त्याचा गोषवारा तें कोठून देणार?

पानाचा दर्जा ओळखण्यांतहि यंत्र फसतें. अमेरिकेंत ही सोय सुरू होऊन थोडे दिवस झाले नाहींत तोंच तिनें दिलेलीं कांहीं उत्तरें जगभर गाजलीं. पिझ्झावरील चीज घसरूं नये म्हणून त्यांत डिंक मिसळावा, असा सल्ला एका उत्तरांत होता; त्याचें मूळ कोणीतरी वर्षांपूर्वीं केलेल्या थट्टेंत निघालें. रोज एक लहान खडा खावा, हा दुसरा उपदेश एका विनोदी नियतकालिकांतील लेखावरून आला होता. थट्टा म्हणून लिहिलेलें मनुष्य सहज ओळखतो. यंत्रानें तें गंभीर चेहऱ्यानें पुढें केलें. कंपनीनें त्यानंतर पुष्कळ सुधारणा केल्या, हेंहि सांगितलें पाहिजे.

ह्या विषयाची पद्धतशीर तपासणीहि झाली आहे. युरोपांतील नभोवाणी संस्थांचा संघ व बीबीसी यांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत १८ देशांतील २२ सार्वजनिक नभोवाणी संस्थांनीं भाग घेतला, आणि १४ भाषांतील तीन हजारांहून अधिक उत्तरें जाणत्या पत्रकारांनीं तपासलीं. हीं उत्तरें शोधयंत्राच्या माथ्यावरील सारांशाचीं नसून प्रश्नोत्तरें करणाऱ्या चार यांत्रिक साहाय्यकांचीं होतीं, आणि प्रश्न बातम्यांविषयींचे होते; परंतु जात एकच. शेंकडा ४५ उत्तरांत निदान एक तरी गंभीर दोष आढळला. शेंकडा ३१ मध्यें आधारांचा घोटाळा होता: आधार नव्हता, चुकीचा होता, किंवा दिशाभूल करणारा होता. शेंकडा २० मध्यें मजकुराचीच मोठी चूक होती. म्हणजे आधाराचा दोष हा मजकुराच्या दोषाहूनहि अधिक वेळां घडला. कीर्तन्यांनीं १८६७ सालीं ज्या मर्मावर बोट ठेविलें तेंच मर्म येथेंहि दुखरें निघालें.

आधार दिला असला तरी तो कोणी पाहतो काय? अमेरिकेंतील प्यू संशोधन संस्थेनें मार्च २०२५ मधील नऊशें प्रौढ लोकांच्या वापराची पाहणी केली. यांत्रिक सारांश दिसला तेव्हां शोधाच्या शंभर प्रसंगांपैकीं आठांतच लोकांनीं यादींतील एखादें पान उघडलें; सारांश नसे तेव्हां हेंच प्रमाण पंधरा होतें. सारांशांत जे आधार जोडलेले असतात त्यांवर जाणारे तर शंभरांत एक. दप्तराचें दार उघडें आहे, परंतु आंत जाणारा कोणी नाहीं, अशी ही स्थिति आहे.

ह्याचे परिणाम केवळ शाळेच्या निबंधापुरते राहत नाहींत. ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयासमोर आयकर खात्याचा एक आदेश आला. त्यांत आधार म्हणून दिलेले न्यायनिर्णय अस्तित्वांतच नाहींत, असें आढळून आलें. न्यायालयानें तो आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठीं परत पाठविलें, आणि कृत्रिम बुद्धीच्या ह्या काळांत यंत्रानें पुढें केलेले निर्णय पडताळून पाहिल्यावांचून वापरूं नयेत, असें बजाविलें. ज्याच्यावर कराचा बोजा पडावयाचा होता त्याच्या दृष्टीनें ही चर्चा तात्त्विक नव्हती. तो वांचला, कारण कोणीतरी ग्रंथ उघडून ‘हा निर्णय दाखवा’ असें म्हटलें.

तेव्हां यंत्राचा सारांश टाकाऊच समजावा काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. सारांशाशिवाय विद्येचा व्यवहार चालत नाहीं. १८८२ चें ठाण्याचें गॅझेटियर हाहि गोषवाराच होता. तो आजहि उपयोगी पडतो, कारण त्यानें टीपांत आपले आधार मांडले, आणि ते पारखतां येतात. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ, अपरिचित विषयाची तोंडओळख, कोणते ग्रंथ पाहावे ह्याची दिशा, ह्या कामीं यंत्र एखाद्या हुशार उमेदवार कारकुनासारखें मदत करतें. ज्या घरांत ग्रंथालय नाहीं त्या घरीं तें ग्रंथालयाच्या दारापर्यंत तरी नेऊन पोंचवितें. उमेदवारानें काढलेली तेरीज धनी स्वीकारतो. तींवर सही करण्यापूर्वीं मात्र कीर्द मागवितो. येथेंहि तोच नियम पुरे आहे.

तो नियम घरगुती व्यवहारांत असा उतरतो. सारांशांत नांव आलें तर तें कोठलें, तारीख आली तर ती कोणत्या गणनेची, आणि विधान आलें तर तें कोणाचें, हे तीन प्रश्न वाचकानें विचारावे. जोडलेला आधार उघडून, सारांशांतील वाक्य तेथें खरोखरच आहे काय, हें पाहावें. आधाराचें नांव असणें आणि त्या आधारांत तें विधान असणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार पानांवर तेंच आढळलें तर तीं एकमेकांची नक्कल आहेत काय, हें पाहावें. आणि ज्या विधानावर कोणाचा पैसा, प्रकृति, हक्क किंवा अब्रू अवलंबून आहे, तें मूळ कागद किंवा जाणता मनुष्य ह्यांच्याकडून पक्कें झाल्यावांचून कामास लावूं नये. सुट्टीच्या दिवशीं केळव्यास जाणारी गाडी किती वाजतां सुटते, ह्या प्रश्नांत चूक झाली तर फार तर फेरी फुकट जाते. औषधाचें प्रमाण किंवा जमिनीचा दाखला ह्यांत तसें म्हणतां येत नाहीं.

लहान गांवांच्या बाबतींत मात्र ह्याहून एक अधिक कर्तव्य उरतें. यंत्रानें आज तारापूरविषयीं चुकीचें वाक्य रचलें, आणि तें कोणीं निबंधांत, कोणीं पत्रकांत, कोणीं इंटरनेटवरील पानावर उतरविलें, तर उद्यां यंत्र तेंच पान आधार म्हणून वाचणार. मग चूक स्वतःचीच साक्षीदार बनते. १६२७ ची जन्मतिथि बखरींतून बखरींत अशीच गेली होती. फरक एवढाच कीं, तेव्हां नक्कल होण्यास वर्षें लागत आणि आज क्षण पुरतो. हें चक्र तोडण्याचा उपाय शोधयंत्राच्या कारखान्यांत जितका आहे तितकाच कुंभवली-तारापूरसारख्या गांवांत आहे. देवळांतील शिलालेख, जुन्या सनदा, ग्रामपंचायतीचीं व शाळांचीं जुनीं दप्तरें, कोळी-भंडारी-वाडवळ घरांतून जपलेले कागद, वृद्धांच्या तोंडच्या आठवणी, ह्यांच्या नकला स्थळ, काळ व सांगणाऱ्याचें नांव ह्यांसह नीट नोंदविल्या जातील, तर पुढील गोषवारा काढणाऱ्यास, तो मनुष्य असो वा यंत्र, हाताशीं कीर्द मिळेल.

राजवाड्यांच्या पिढीनें हें काम पायीं हिंडून केलें. त्या मानानें आजची साधनें कितीतरी सुलभ आहेत. मोडीचा एक कागद छायाचित्र काढून जपण्यास आज क्षणाचा अवधि लागतो. मात्र कागद जपावा, आणि कोणीं कांहीं सांगितलें असतां ‘कशावरून?’ असें विचारावें, ही वृत्ति यंत्र पुरवूं शकत नाहीं. ती घरांत आणि शाळेंतच लागावी लागते. ती असेल तर यांत्रिक सारांश हा एक उपयुक्त चाकर ठरेल. ती नसेल तर दोष यंत्रास देऊन भागणार नाहीं; कीर्द न पाहतां सही करणारा धनी आपल्या नुकसानीचा आपणच वांटेकरी असतो.